ठाणे ते कल्याण : टाकलेल्या वस्तूंचा प्रवास

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर सकाळी दुकानांची शटरे वर जाऊ लागली, की पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी हातगाडीवाला येतो. त्याला माल नको असतो. मालाचे वेष्टन हवे असते. आदल्या दिवशी फोडलेली पुठ्ठ्याची खोकी, रिकामी पोती, तेलाचे डबे, बांधणीच्या पट्ट्या हे सारे तो तोलून घेतो आणि रोख पैसे मोजतो. किराणा आणि धान्याच्या व्यापारात या वेष्टनाला ‘बारदान’ म्हणतात. बारदानाचे वजन मालातून वजा होते, त्याची किंमत वेगळी धरली जाते आणि रिकामे झाल्यावर ते पुन्हा विकले जाते. पिढ्यान्‌पिढ्या पेढीवर बसलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. जे आत आले ते बाहेर कोठे गेले, याचा हिशेब लागल्याखेरीज वही मिटत नाही.

ज्याला आज ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ असे भारदस्त नाव मिळाले आहे, ती कल्पना या बाजाराला नवी नाही. दुपारच्या वेळी आळीत येणारी बोहारीण जुन्या साड्यांच्या बदल्यात स्टीलचे पातेले देत असे. झिजलेल्या लुगड्यांची गोधडी होई, पितळेच्या भांड्यांना कल्हई लागे, दुधाची काचेची बाटली परत जाई आणि तेलाचा रिकामा डबा धान्य साठवायला उपयोगी पडे. रद्दीचा भाव घरातील लहान मुलालाही ठाऊक असे. वस्तूचे आयुष्य संपले असे सहसा कोणी म्हणत नसे. तिचा मालक बदलला, एवढेच.

बदल झाला तो वेष्टनात. शाम्पूची पुडी, वेफर्सचे पाकीट, गुटख्याची आणि मसाल्याची चकचकीत पुडी यांत प्लास्टिक व ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात, की ते वेगळे करणे परवडत नाही. असे पाकीट हातगाडीवाला उचलत नाही, कारण पुढे त्याला भाव नाही. जुन्या व्यवहारात ज्याला भाव नाही अशी वस्तू क्वचित असे. आता ती प्रत्येक दुकानातून रोज शेकड्यांनी बाहेर पडते. या वस्तूंचे पुढे काय होते, हे पाहायचे तर ठाण्याहून कल्याणची धीमी लोकल पकडावी. अंतर सुमारे वीस किलोमीटर आहे, वेळ अर्ध्या तासाच्या आसपास. पण या पट्ट्यात गेल्या दहा-पंधरा वर्षांत कचऱ्याने जे पाहायला लावले, ते महाराष्ट्रातील फार थोड्या शहरांनी पाहिले असेल.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी ठाण्याला पोहोचली आणि पुढच्याच वर्षी, मे १८५४ मध्ये, लोहमार्ग कल्याणपर्यंत आला. त्या रुळांच्या दोन्ही बाजूंना आज जी वस्ती उभी आहे, तिचा आकार २०११ च्या जनगणनेतही स्पष्ट दिसतो : ठाणे महापालिकेच्या हद्दीत १८ लाख ४१ हजार आणि कल्याण-डोंबिवलीत साडेबारा लाखांच्या घरात. त्यानंतर घोडबंदर रस्ता आणि कल्याण-शीळ रस्ता यांच्या कडेने मनोरे उभे राहिले, ते वेगळेच. ठाणे शहरातून रोज सुमारे हजार टन, तर कल्याण-डोंबिवलीतून सहाशे टनांच्या आसपास कचरा निघतो. दहा टनांचा एक ट्रक धरला, तर रोज दीडशेहून अधिक ट्रक भरतील एवढा हा माल आहे आणि त्यात सुट्टीचा वार नाही.

गाडी कळवा सोडते. एका बाजूला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी व तिवरांचा हिरवा पट्टा लागतो. मुंब्रा मागे पडले, की येते दिवा. वसई आणि पनवेल या दोन्ही दिशांचे रूळ जेथे मुख्य मार्गाला भेटतात, ते हे जंक्शन. स्वस्त घर शोधत आलेल्या हजारो कुटुंबांनी हे गाव भरले. त्याच दिव्याच्या साबे परिसरात, खाडीलगत, ठाणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे पडत राहिला. घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतीतून सकाळी आठ वाजता निघालेली पिशवी दुपारपर्यंत दिव्याच्या ढिगावर पोहोचत असे. ज्याने ती टाकली, त्याच्या दृष्टीने विषय संपलेला असे. दिव्यातील गृहिणीच्या दृष्टीने मात्र तेव्हा सुरू होई. खिडक्या बंद ठेवाव्या लागत, धुराने मुलांना खोकला लागे आणि पाहुणे बोलावण्याचा संकोच वाटे.

हा ढीग नेमके काय करतो, हे समजून घेण्यासारखे आहे. ओला कचरा उघड्यावर पातळ थरात पसरला, तर हवा मिळाल्याने तो कुजून माती होतो. तोच मीटरभर जाडीच्या थरांखाली दाबला गेला, की हवा संपते आणि वेगळे जिवाणू कामाला लागून मिथेन वायू तयार करतात. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक मानली जाते. हा वायू पेट घेतो, म्हणून असे ढीग उन्हाळ्यात आतून धुमसतात; वरून पाणी मारले तरी आग खालून पुन्हा डोके काढते. पावसाळ्यात ढिगातून काळे पाणी झिरपते आणि थेट खाडीत उतरते. प्लास्टिक, बॅटरी, औषधे, भाजीचे देठ हे सारे एकाच पिशवीत बांधून दिले, की त्यातील एकही वस्तू पुन्हा उपयोगाची राहत नाही. दोष बहुधा वस्तूत नसतो. तो मिसळण्यात असतो.

२०२३ च्या प्रारंभी दिव्याची कचराभूमी बंद करण्यात आली. दिवेकरांनी सुटकेचा श्वास सोडला. पण हजार टनांचा ओघ थांबला नव्हता. तो तात्पुरता म्हणून भंडार्लीकडे वळला; तेथील ग्रामस्थांनी विरोध केला. डायघर येथे प्रक्रिया प्रकल्पाची तयारी झाली. तेथेही आसपासच्या वस्तीने आक्षेप घेतले. पुढे भिवंडी तालुक्यातील आतकोलीचे नाव आले. बँकेच्या व्यवहारात अशी एक पद्धत सर्वांना परिचित आहे. थकलेले कर्ज फेडण्यासाठी त्याच ऋणकोला नवे कर्ज द्यायचे, जुने खाते बंद झाले असे दाखवायचे आणि ताळेबंद स्वच्छ ठेवायचा. येणे तसेच राहते, फक्त खात्याचा क्रमांक बदलतो. दिवा, भंडार्ली, डायघर, आतकोली हा प्रवास वाचताना त्या पद्धतीची आठवण होते. फरक एवढाच, की येथे व्याज ऋणको भरत नाही. ज्याने कर्ज घेतलेच नाही ते गाव भरते.

ठाण्यात दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितली नाही तर शहरावर अन्याय होईल. तलावांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नगरीने गणेशविसर्जनासाठी कृत्रिम तलावांचा मार्ग राज्यातील अनेक शहरांच्या आधी स्वीकारला. मासुंदा तलाव आणि इतर जलाशयांवरचा ताण त्यामुळे हलका झाला. उत्सवातील हार-फुले वेगळी गोळा करून त्यांचे खत करण्याचे काम महापालिकेबरोबर समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने केले. फुलांच्या ढिगात थर्माकोल आणि प्लास्टिक नसेल, तर त्याचे उत्तम खत होते, हे त्यातून हजारो कुटुंबांना डोळ्यांनी पाहता आले.

गाडी कोपरला पोहोचते, वरून वसईकडे जाणारा लोहमार्ग ओलांडून जातो आणि मग डोंबिवली. संस्थांचे, ग्रंथालयांचे आणि नववर्ष स्वागतयात्रेचे हे शहर. १९९९ साली गुढीपाडव्याची शोभायात्रा येथेच प्रथम निघाली. संस्था काढण्याची हीच सवय कचऱ्याच्या बाबतीतही उपयोगी पडली. येथील ऊर्जा फाउंडेशनच्या कार्यकर्त्या महिलांनी घराघरांतून स्वच्छ व कोरडे प्लास्टिक वेगळे गोळा करण्याचा उपक्रम चालवला. पुण्याच्या रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्यूशन या संस्थेचा जेजुरीजवळ प्लास्टिकपासून इंधन करण्याचा प्रकल्प आहे. तेथपर्यंत हे प्लास्टिक पोहोचू लागले. हवा नसलेल्या बंद भांड्यात प्लास्टिक तापवले, की ते जळत नाही, त्याची वाफ होते आणि ती थंड केल्यावर तेल मिळते. ज्या पातळ पिशव्यांना आणि पाकिटांना भंगारवाला हात लावत नाही, त्यांच्यासाठी हा एक मार्ग आहे. अर्थात तो शेवटच्या पायऱ्यांपैकी एक आहे. तेल एकदा जाळले, की चक्र तुटते. पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक मात्र धुऊन, तुकडे करून, वितळवून त्याचा धागा काढता येतो आणि त्याचे कापड होते. पुठ्ठा वापीसारख्या ठिकाणच्या कागद गिरण्यांत जाऊन पुन्हा पुठ्ठा होतो. कागदाचा तंतू साधारण पाच-सात फेऱ्या टिकतो. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला खनिजापासून नवे करण्याच्या तुलनेत सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. म्हणून क्रम असा लागतो : आधी वापर टाळणे, मग तीच वस्तू पुन्हा वापरणे, मग पुनर्चक्रीकरण आणि सर्वांत शेवटी इंधन.

ठाकुर्ली ओलांडून गाडी कल्याणला थांबते. स्थानकाच्या पश्चिमेला बाजार आहे, त्यापलीकडे दुर्गाडी किल्ला. १६५७ मध्ये कल्याण स्वराज्यात आले आणि या खाडीच्या काठी शिवरायांच्या आरमाराचा पाया रचला गेला, असे इतिहास सांगतो. त्याच खाडीच्या काठावर आधारवाडी आहे. सुमारे चार दशके कल्याण आणि डोंबिवलीचा कचरा तेथे पडत होता. ढीग कित्येक मजले उंच झाला. आग लागली की धूर आजूबाजूच्या संकुलांत शिरत असे आणि ती विझायला दिवसांमागून दिवस लागत.

मग एप्रिल २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. कारण एकच : कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावण्याची व्यवस्था उभी नसताना आणखी घरे कशी बांधायची? सुमारे वर्षभराने अटींसह ही बंदी शिथिल झाली. पण त्या वर्षाने व्यापारी वर्गाला जो धडा दिला, तो विसरण्यासारखा नाही. बांधकाम थांबले म्हणजे सिमेंट, सळई, फरशी, विजेचे सामान, रंग, लाकूड अशा सर्वच मालाची उलाढाल मंदावणार. जमिनीत गुंतलेल्या भांडवलावर व्याज मात्र चढत राहणार. भाजीच्या देठांचा आणि सिमेंटच्या गोदामाचा काही संबंध असू शकतो, असे त्याआधी फारसे कोणाच्या मनात आले नसेल. न्यायालयाने तो संबंध एका आदेशात दाखवून दिला. सर्वांनी मिळून न भरलेले देणे शेवटी सर्वांच्याच दारात वसुलीला येते.

यानंतरचा टप्पा अधिक आशादायक आहे. २०२० मध्ये महापालिकेने शून्य कचरा मोहीम हाती घेतली. घनकचरा विभागाची जबाबदारी उपायुक्त रामदास कोकरे यांच्याकडे होती. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ला नगरपरिषदेचे मुख्याधिकारी असताना त्यांनी तेथील कचराभूमीचे रूपांतर पर्यटकांनी पाहायला यावे अशा स्थळात केले होते. तेथे कचऱ्याचे दोन नव्हे, वीसहून अधिक प्रकारांत वर्गीकरण होत असे. लहान नगरपरिषदेत जमलेली गोष्ट लाखोंच्या महानगरात जमेल का, ही शंका रास्त होती. नियम साधा ठेवला गेला : ओला कचरा रोज घेतला जाईल, सुका ठरावीक दिवशीच, आणि मिसळलेला घेतला जाणार नाही. सुरुवातीला कुरकुर झाली. टाळेबंदीचा काळ होता, माणसे आधीच त्रासलेली होती. तरीही मे २०२१ मध्ये आधारवाडीवर नवा कचरा टाकणे बंद करण्यात आले. उंबर्डे आणि बारावे येथील प्रक्रिया केंद्रांकडे ओघ वळला आणि जुन्या ढिगाचा निपटारा करण्यासाठी बायोमायनिंगची पद्धत स्वीकारण्यात आली.

बायोमायनिंग म्हणजे जुनी वही उघडून एकेक नोंद पुन्हा तपासणे. ढीग यंत्राने खणतात, सुकवतात आणि मोठ्या फिरत्या चाळणीतून गाळतात. खाली पडते ती मातीसारखी भुकटी. ती भरावासाठी वापरता येते. वर राहतात चिंध्या आणि प्लास्टिक. ते सिमेंटच्या भट्टीत कोळशाऐवजी जाळण्यास पाठवता येते. दगड, विटा, काच, लोखंड वेगळे होते. काम सावकाश चालते आणि खर्चिक असते, कारण चाळीस वर्षांपूर्वी दोन मिनिटांत जे वेगळे करता आले असते, ते आता यंत्राने करावे लागते.

ताज्या ओल्या कचऱ्यासाठी दोन मार्ग आहेत. खत करायचे, तर त्याला हवा, ओलावा आणि काही आठवडे द्यावे लागतात. वायू करायचा, तर तोच कचरा बंद टाकीत कुजवावा लागतो. जो मिथेन ढिगात आग लावतो, तोच येथे चुलीला किंवा जनित्राला उपयोगी पडतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांच्या प्रयत्नांतून विकसित झालेले ‘निसर्गऋण’ तंत्र याच तत्त्वावर आहे; माथेरानसारख्या डोंगरावरील गावानेही ते वापरले. कल्याणचे फुलमार्केट आणि लक्ष्मी मार्केट यांसारख्या बाजारांत एकाच जागी, एकाच प्रकारचा, विनामिश्रण ओला कचरा मिळतो. वायुप्रकल्पाला असाच कच्चा माल लागतो. मात्र फुलांच्या हारात प्लास्टिकचा दोरा आणि भाजीच्या ढिगात पिशव्या असतील, तर टाकीचे तोंड तुंबते आणि लाखो रुपयांचे यंत्र उभे राहते.

सगळे सुरळीत झाले, असे म्हणता येणार नाही. ठेके बदलतात, अधिकारी बदलतात, घंटागाडी एखाद्या दिवशी येत नाही आणि कोपऱ्यावरचा जुना उकिरडा पुन्हा जिवंत होतो. ज्या हातांनी हे काम खरोखर होते, त्या कचरावेचक भगिनींचा विचार अजूनही शेवटी होतो. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने आणि पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने त्यांना ओळखपत्र, प्रशिक्षण आणि ठरलेले उत्पन्न मिळवून देता येते, हे दाखवले आहे. भंगाराच्या साखळीत पहिला नफा त्यांच्या श्रमातून निर्माण होतो. वाटणीत त्यांचा हिस्सा सर्वांत लहान असतो.

व्यापारी घरांना आता या विषयाकडे पाठ फिरवता येणार नाही, कारण कायदा दुकानापर्यंत आला आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करणे बंधनकारक केले. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर निर्बंध आहेत. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार आणि तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद झाली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरण्याच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. स्वतःच्या नावाने माल वेष्टित करून विकणाऱ्यावर आणि प्लास्टिक आयात करणाऱ्यावर ते वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी येते. म्हणजे बारदान पुन्हा वहीत आले. फक्त आता ते कायद्याने आणले.

जैन परंपरेला या जबाबदारीचे नाव फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. पाच समितींपैकी चौथी आदान-निक्षेपण समिती : वस्तू उचलताना आणि ठेवताना बाळगायची सावधता. पाचवी उत्सर्ग समिती : टाकून द्यायची वस्तू निर्जंतुक जागा पाहून, कोणत्याही जिवाला इजा होणार नाही अशा रीतीने विसर्जित करणे. साधु-साध्वी ती काटेकोर पाळतात. श्रावकाच्या घरातून मात्र गाठ मारलेली पिशवी निघते, गाय ती अन्नाच्या वासाने प्लास्टिकसह गिळते आणि पुढे तीच गाय पांजरापोळात उपचारासाठी येते. एका हाताने दिलेले दान दुसऱ्या हाताने टाकलेल्या पिशवीची भरपाई करीत राहते.

कित्येक घरांत एक खरीखुरी अडचण बोलून दाखवली जाते : खताच्या डब्यात जीव उत्पन्न होतात, मग तो घरी ठेवावा का? ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिचे उत्तर टोपलीत नसून ताटात आहे. ताटात उष्टे न टाकणे आणि जेवण झाल्यावर थाळी धुऊन ते पाणी पिणे ही वडीलधाऱ्यांची रीत ज्या घरात टिकली आहे, तेथे शिजवलेले अन्न कचऱ्यात जातच नाही. उरतात साली आणि देठ. ते कोरडे, वेगळे आणि त्याच दिवशी दिले, तर कुजण्याआधीच केंद्रावर पोहोचतात. घरात काही करायचे नसेल, तर निदान मिसळू नये. ढिगावर सडणाऱ्या एका मिश्र पिशवीत जेवढे जीव जन्मतात आणि आगीत होरपळतात, त्यांचा विचार केला की दोन डबे ठेवण्याचा त्रास लहान वाटतो. लग्नाच्या पंगतीत, पारण्याच्या दिवशी, संघाच्या स्वामिवात्सल्यात पाण्याच्या छोट्या बाटल्यांऐवजी पिंप आणि स्टीलचे पेले ठेवणे हेही याच समितीचे गृहस्थी रूप आहे.

संध्याकाळी दुर्गाडीच्या बुरुजावरून पाहिले, तर खाडीचे पाणी ओहोटीबरोबर पश्चिमेकडे सरकताना दिसते. सकाळी गाडी ठाण्याहून कल्याणला ज्या वाटेने आली, तिच्या उलट दिशेने हे पाणी जाते : डोंबिवली, दिवा, मुंब्रा आणि पुन्हा ठाणे. कल्याणच्या काठावर टाकलेले दिव्याच्या तिवरांत अडकते, दिव्याचे ठाण्याच्या पुलाखालून जाते आणि भरतीबरोबर काही भाग परतही येतो. या चार शहरांच्या मध्ये ‘दूर’ अशी जागा कोठेच नाही. म्हणून वही मिटण्यापूर्वी एक रकाना वाढवावा लागेल. काय आले आणि काय विकले, हे दोन रकाने प्रत्येक पेढीत आहेत. काय टाकले आणि ते कोणाच्या दारात गेले, हा तिसरा.